आईच्या खाटेशेजारची सहा वर्षं

आई माळ्यावरून पडली तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि सातवीत होते. माळ्यावर आमसुलांची बरणी होती, ती काढायला ती शिडीवर चढली. शिडीची वरून तिसरी पायरी सैल आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तिलाही होतं. कंबरेपाशी हाड मोडलं. दीड महिना ती इस्पितळात होती. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं, आणि चार माणसांनी तिला खाटेसकट घरी आणून माजघरात खिडकीपाशी ठेवलं. त्यानंतर ती आपल्या पायांवर कधी उभी राहिली नाही.

घरात आम्ही चौघंच. अप्पा कचेरीत कारकून, सकाळी दहाला जात ते सहाला येत. धाकटी बहीण आठ वर्षांची. आईला उठवून बसवणं, तिचं धुणं, तिचं भांडं, स्वयंपाक, विहिरीचं पाणी, या सगळ्याला माणूस हवं होतं, आणि ते माणूस मी आहे हे कोणाला ठरवावं लागलं नाही. सातवीची फायनलची परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. अप्पा एवढंच म्हणाले, "यंदाचं वर्ष जाऊ दे. पुढच्या जूनला बघू."

मी ते खरं मानलं. माझा शाळेचा निळा परकर आणि पांढरं पोलकं धुऊन, घडी करून ट्रंकेत ठेवलं. पुस्तकांना नवी कव्हरंसुद्धा घातली.

आई पडण्याआधी घरातलं सगळं शिवण तीच करायची. हाताने फिरवायचं मशीन होतं, ते आता तिच्या खाटेला लागून एका पाटावर ठेवलं आणि पुढे मला बसवलं. आमच्या घरात कापड टाकून देत नसत. अप्पांचं धोतर मधे विरलं की काठाकडच्या चांगल्या भागाचे पंचे आणि उशांचे अभ्रे व्हायचे. आईच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळी व्हायच्या, एकावर एक पाच-सहा थर घालून. वाऱ्याने मोडलेल्या छत्रीचं काळं कापड मी उसवून काढलं आणि त्याचं बहिणीला दप्तर शिवलं. पावसात तिची पाटीपुस्तकं कोरडी राहायची आणि ती सगळ्यांना ते दाखवत हिंडायची.

आई पडल्या पडल्या शिकवायची. मी शिवलेलं कापड तिच्या हातात द्यायचं, ती डोळे मिटून शिवणीवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "इथं टाका मोठा पडलाय. उसव." मी उसवायचे. परत शिवायचे. कधी कधी एका अभ्र्याला चार वेळा उसवलं असेल. तिला दिवसभर दुसरं काही करायला नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा वाटायचं की ती खाटेवर आहे आणि मी तिच्या बोटाखाली.

भाजण्याचंही तसंच. पावसाळा सरताना परसात मोठाल्या काकड्या, आमच्याकडे त्यांना तवसं म्हणतात, धरायच्या आणि त्यांचं धोंडस व्हायचं. तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, किसलेलं तवसं असं एकत्र शिजवून जाड बुडाच्या पातेल्यात घालायचं, पातेलं मंद चुलीवर ठेवायचं, वर लोखंडी झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. वरून आणि खालून सारखा विस्तव लागला पाहिजे. आई माजघरातून वासावर सांगायची: खालचं लाकूड ओढ, वरचे दोन निखारे कमी कर, आता सुरी घालून बघ. तिचं कधी चुकलं नाही. अप्पा आणि बहीण खाताना म्हणायचे की अगदी आईच्या हातचं झालंय, आणि ते खरंच होतं, हात फक्त माझे वापरले होते.

परसदारी गडगा होता, चिऱ्यांची उतरती भिंत. त्यावर चढलं की दूर समुद्राची बोटभर पट्टी दिसायची. आई झोपली असेल तर मी तिथे जाऊन उभी राहायचे. पण तिची झोप हलकी. पाच मिनिटांत हाक यायची. तिला काही हवं असायचंच असं नाही. "आहेस ना?" एवढंच विचारायची.

पुढचा जून आला. धाकटी चौथीत गेली आणि तिला नवा परकर हवा होता. आईने मला ट्रंक उघडायला सांगितली. मला वाटलं ती अप्पांचं काही जुनं काढायला सांगेल. ती म्हणाली, "तुझा निळा काढ. तुला तो आता होतोय कुठे."

ते खरं होतं. मधल्या महिन्यांत मी वाढले होते. मी परकर आईच्या अंगावर पसरला, तिने खडूने खुणा केल्या आणि मी कात्री चालवली. माझ्या मापाच्या कापडातून बहिणीच्या मापाचा परकर काढणं सोपं नव्हतं, कारण जुन्या दुमडीची रेघ विटलेली होती आणि ती नेमकी पुढे येत होती. मी ती रेघ चुणीच्या आत दाबली, जोड दुसऱ्या चुणीखाली नेला, आणि बाहेरून एकसंध कापड दिसेल असं केलं. आईने बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच काही उसवायला सांगितलं नाही. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसले. शाळेबद्दल त्या जूनला कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

त्या परकरामुळेच शाळेतल्या शिवणाच्या बाई आमच्या घरी आल्या. वर्गात बहिणीच्या चुण्या तपासताना त्यांना आतला जोड सापडला होता. हे कोणी केलं म्हणून त्यांनी विचारलं आणि बहिणीने सगळं सांगितलं. बाई खाटेपाशी बसल्या, माझ्या वाकळी पाहिल्या. मग अप्पांना म्हणाल्या की रोज दुपारी दोन तास मला पाठवा. अर्धा वेळ मी मुलींच्या शिवणाला मदत करेन आणि अर्धा वेळ सातवीत बसेन, एप्रिलमध्ये फायनल देता येईल. अप्पांनी विचारलं की तेवढा वेळ हिच्याकडे कोण बघणार. तेव्हा आई बोलली.

"जाऊ दे तिला. दोन तास मी काही मरत नाही."

शेजारच्या काकू मधे एकदा डोकावून जातील असं ठरलं, आणि मी जाऊ लागले.

मी अकरा दिवस गेले. उतारावरून खाली जाताना पहिल्या दिवशी माझी पावलं आपोआप पळायला लागली, मग लाज वाटून मी चालले. बाकावर माझ्याहून लहान मुली होत्या. भूमिती मी पार विसरले होते. पण फळ्याकडे बघत बसायचं आणि दोन तास कोणाचीही हाक नाही, हेच मला पुरेसं होतं. मला आठवतं, चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की वर्गात बसल्यापासून मला आईची एकदाही आठवण झालेली नाही.

अकराव्या दिवशी मी आणि बहीण बरोबरच घरी आलो. गडग्यापाशीच करपल्याचा वास आला. आई खाटेवर नव्हती. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. जमिनीवर लोखंडी झाकण उपडं, सारवलेल्या भुईवर विझलेल्या निखाऱ्यांचे काळे डाग, चुलीवर जळून कोळसा झालेलं धोंडस. तवसं सकाळीच मी किसून, सगळं शिजवून ठेवलं होतं, शाळेतून आल्यावर भाजायचं म्हणून. आई खाटेवरून उतरली होती, एक वाकळ अंगाखाली घेऊन तिच्यावरून हातांनी ढकलत ढकलत चुलीपर्यंत आली होती. पातेलं चढवलं, निखारे ठेवले, तिथवर तिला जमलं. झाकण उचलताना तोल गेला. डावा तळवा भाजला आणि मग मागे सरकायला हातच उरला नाही. काकू त्या दिवशी गावाला गेल्या होत्या. ती तीन वाजल्यापासून तशीच होती.

बहीण रडायला लागली. मी आईच्या हाताला खोबरेल लावलं आणि विचारलं, "तू कशाला उतरलीस?"

"बघत होते," ती म्हणाली, "तुझ्यावाचून एक काम तरी होतंय का."

मला तिची दया यायला हवी होती. मला राग आला. ती मला सोडवायला निघाली होती आणि तिने दाराला आणखी एक कडी घातली होती. असं मी चौदाव्या वर्षी शब्दांत मांडलं नसेल, पण तेच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी वेळ झाली तशी आई म्हणाली, "जा, उशीर होईल." मी मशीनपुढे बसले होते. नाही जात, म्हटलं. ती गप्प राहिली. पुढे कित्येक वर्षं मी तिच्या त्या गप्प राहण्यावर खार खाऊन होते. तिने आणखी एकदा म्हणायला हवं होतं. एकदाच. बाई आठवड्याने चौकशीला आल्या तेव्हा मी बहिणीला सांगायला लावलं की ताई विहिरीवर गेलीय, आणि मागच्या पडवीत लाकडांमागे उभी राहिले. त्यांच्या चपलांचा आवाज उतारावरून जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.

नंतरच्या वर्षांत सांगण्यासारखं थोडंच आहे. वाकळी, अभ्रे, अप्पांचा उलटवून शिवलेला कोट, आणि "आहेस ना?" ही हाक.

एकोणिसाव्या वर्षी देवरूखचं स्थळ आलं. मुलाच्या आईने माझी एक वाकळ उलटीसुलटी करून पाहिली आणि पसंती कळवली. मुलगा कसा आहे हे मी कोणालाही विचारलं नाही. हो म्हटलं.

लग्नाआधीचा महिना मी बहिणीला शिकवण्यात घालवला. ती चौदा वर्षांची होती, आठवीत. आईला उठवताना हात कुठे द्यायचा, निखारे केव्हा काढायचे, सगळं. तिने शिवलेला अभ्रा मी हातात घेतला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "उसव." खाटेवरून आई माझ्याकडे बघत होती. तिने मान दुसरीकडे वळवली.

बहिणीने शाळेचं विचारलं तेव्हा अप्पांनी तिला सांगितलं की यंदाचं वर्ष जाऊ दे. मी तिथेच उभी होते. हे वाक्य माझ्याइतकं त्या घरात कोणी ओळखत नव्हतं. मी काही बोलले असते तर माझं लग्न लांबलं असतं. मी बोलले नाही.

एसटी सुटली तेव्हा नवी नवरी म्हणून मी रडायला हवं होतं. सगळे तसं धरूनच चालले होते. गाडी वळणावर आली, तिथे बहीण निरोपाला उभी होती, आळी मागे पडत होती, आणि माझ्या छातीतून असा काही आनंद वर आला की मी पदराने तोंड झाकून घेतलं. शेजारी बसलेल्या नणंदेला वाटलं मी रडतेय, तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आई त्यानंतर सात वर्षं होती. ती गेल्यावर बहीण एकविसाव्या वर्षी परत पुस्तकांकडे वळली, पुढे नर्सिंग शिकली आणि नोकरी करून स्वतःच्या पायावर उभी राहिली. आम्ही दोघी म्हाताऱ्या झाल्यावर एकदा ती देवरूखला राहायला आली होती. मागच्या अंगणात बसून आम्ही कुळीथ निवडत होतो. मी तिला सांगून टाकलं की मला सगळं कळत होतं आणि मी गप्प बसले, आणि जाताना मला आनंद झाला होता.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "तो मी बघितला. तू पदर घ्यायच्या आधी."

मी विचारलं, मग राग नाही आला?

"आला ना. पण पहिल्यांदा वाटलं ते वेगळंच. वाटलं, म्हणजे इथून सुटता येतं."