रुद्राणीसाठी शुक्रवारचा दिवा

आमच्या शेजारच्या सिपोरामावशी घरात शिरताना दाराच्या चौकटीला बोटं लावून ती ओठांना टेकवत. मटणानंतर दुधाचा चहा घेत नसत. शुक्रवारी संध्याकाळी पाण्यावर तेल घालून काचेच्या पेल्यात दिवा लावत, पण त्याआधी नातीला, रुद्राणीला, तिच्या आईकडे पाठवत. मावशी यहुदी, सून गौरम्मा लिंगायत. आपली रीत नातीवर लादायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षीच्या दुष्काळात गौरम्मा म्हणाली, "आत्या, पोरगी इचारायलीय, गळ्यात लिंग हाय म्हणून आजी मला हाकलती का?"

 मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी मान राखत होते गं. तिला परकं केलं मी. या शुक्रवारी दिवा तीच लावेल."

त्या शुक्रवारी दुपारीच मावशी गेल्या. पेल्यात टँकरचं पाणी होतं. वात वळलेली होती. तेल घालायचं राहिलं होतं.