हिरव्या लुगड्यावरचं इंजिन

एकाहत्तर साली मी सुप्याला मास्तर होतो. शाळेजवळच्या एका अंगणात एक माणूस रोज जुन्या मोटारीचं इंजिन खोलून बसलेला दिसे. हिरवं लुगडं अंथरून तो पिस्टन, वॉल्व्ह, नटबोल्ट काढले त्याच क्रमानं मांडायचा आणि रॉकेलनं पुसायचा. आठ-पंधरा दिवसांनी इंजिन जोडून होई, झकास सुरूही होई. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा लुगड्यावर.

एकदा न राहवून मी विचारलं, "अहो, चांगली चालतेय की! परत कशाला खोलली?"

त्यानं मान वर केली नाही. "बायकोला बाळंतपणाला नगरला नेत हुतो, गुरुजी. वाटंत बंद पडली. ती गाडीतच गेली. कशानं बंद पडली, ते अजून घावलं न्हाई."

पुढं वर्गात शिकवताना ते इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, की माझा खडू थांबे. म्हणजे याही वेळी त्याला सापडलं नव्हतं.