खाडीच्या चिखलातला करंट

भाट्याच्या खाडीकाठच्या एका वाडीने एक शब्द वाळीत टाकला आहे. करंट. सगुणाकाकूंच्या दारात तो कुणी उच्चारत नाही. वायरमनसुद्धा तिथं 'सप्लाय' म्हणतो. चुकून कुणाच्या तोंडून निसटलाच, तर बाकीचे घसा खाकरून भलताच विषय काढतात. एरवी ही वाडी इतकी सभ्य नाही, हे सांगायला हवं.

कारण सागर. काकूंचा एकुलता एक मुलगा. वादळ ओसरल्यावर परसात पडलेली माडाची झावळी उचलायला गेला, आणि झावळीखाली तुटलेली तार होती. काकू त्या वेळी खाडीत मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढत होत्या.

त्या रडल्या नाहीत. लोक म्हणाले, वेळ लागेल, रडतील. तेरावं झाल्यावर त्यांनी घरातली वीज तोडून घेतली आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागताच पुन्हा खाडीत उतरल्या. मुळे डोळ्यांनी नाही, तळपायांनी शोधायचे. काकूंचे पाय त्यात पटाईत. पण आता पायाखाली काय आलं ते त्यांना कळेनासं झालं. टाच कापली तरी मागून येणाऱ्या बाईने सांगेपर्यंत पत्ता नसायचा. डॉक्टरांनी साखर तपासली, नसा तपासल्या, सगळं ठीक निघालं.

"मग बरं हाय," काकू म्हणाल्या.

शेजारची अक्षया कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिला खाडीतला खोलवरचा काळा चिखल हवा होता. काकूंनी घमेलं भरून आणून दिलं. कशाला, म्हणून विचारलं नाही. हल्ली त्या काहीच विचारत नसत. अक्षयाने चिखल बरण्यांत भरला, वर खाडीचं पाणी ओतलं, एक ग्रॅफाइटची पट्टी चिखलात आणि एक पाण्यात ठेवून सगळ्या बरण्या तारेने एकीला एक जोडल्या. काही आठवड्यांनी तिच्या पडवीत मोहरीएवढा लाल दिवा लागला. पोरीने काकूंना हाताला धरून ओढत नेलं.

"काकू, ह्या चिखलात जंतू हायत. खाली त्यांना हवा मिळत नाय, म्हणून खाल्ल्यावर अंगातली वीज ते ह्या पट्टीवर सोडतात. काहींच्या अंगाला केसाहून बारीक तारा असतात. उद्या गटाराचं पाणी साफ करता करता वीज मिळेल म्हणतात. समुद्राच्या तळाशी बॅटरीशिवाय यंत्रं चालतील. हात लावून बघ ना, करंट लागत नाय!"

बोलून गेली आणि तिचं तोंडच उतरलं. अक्षयाची आई लगबगीने बाहेर आली, घसा खाकरला आणि म्हणाली, "आज मुळे मिळाले का गो बरे?"

उघड्या तारांच्या दोन टोकांवर काकूंनी दोन बोटं ठेवली.

"काय लागत नाय."

"नायच लागणार, काकू. फार कमी असतो तो."

"तुला लागतो?"

अक्षयाने बोटं लावली. "मला पण नाय."

"म्हणजे मला एकटीलाच असं नाय," काकू म्हणाल्या. मग त्यांनी दिव्याकडे बोट केलं. "ह्यो करंट असता, तर सागर झावळी टाकून जेवायला आला असता."

करंट हा शब्द काकूंच्याच तोंडून आला. अक्षयाची आई पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. काकूंचे डोळे कोरडेच होते.

"ह्या बरण्या नेऊ घरी?" त्यांनी विचारलं. "असला करंट चालेल आमच्यात."

तिन्हीसांजेला अक्षयाने बरण्या सागरच्या फोटोखाली मांडून दिल्या. लाल ठिपका लागला. त्याच्या उजेडात फोटो काही दिसत नव्हता. काकू पाटावर बसल्या होत्या, तारांवर बोटं ठेवून, काहीतरी लागेल म्हणून वाट बघत.