दात सोडून इसम खरा आहे

माझ्या बाबांना मोबाइलनं खोटं ठरवलं, आणि त्या पापात माझा अंगठा होता. लपवून काय करू?

बाबांनी चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केली. धान घरात आलं की आमच्या गडचिरोलीच्या खेड्यापाड्यांत नाटकं लागतात, आणि बाबा राजे व्हायचे, जमीनदार व्हायचे, मरायचेही झकास. तीन वर्षांपूर्वी भर स्टेजवर ते वाक्य विसरले आणि तेव्हापासून बोलावणं बंद झालं. मग ते अंगणात बकरीसमोर संवाद म्हणत. बकरीनं तोंड फिरवलं की तिच्यावर चिडत. यंदा वडशाच्या एका नाटक कंपनीच्या मालकानं निरोप धाडला, की एक प्रवेश न अडखळता म्हणा, मोबाइलवर टाका, मग रोलचं पाहू. बाबांनी टोप चढवला, मिशी डकवली आणि सतराव्या खेपेला राजाच्या मरणाचं अख्खं भाषण एका दमात म्हटलं. व्हिडिओ मी टाकला.

आता, नवीन नियम आलेला. बनावट व्हिडिओवर मोबाइलच्या अॅपवाल्या कंपन्यांनी पट्टी लावायची, 'हे बनावट आहे का' असं टाकणाऱ्याला आधी विचारायचं, आणि तक्रार आली तर मुदतीत उत्तर द्यायचं. नियम चांगलाच आहे. पण मी पडले ग्रामसभेची सचिव. तेंदूपत्ता, बांबू, वनहक्क यांचे फॉर्म भरून भरून माझं बोट असं झालंय की चौकट दिसली की 'हो'. 'नाही' केलं की त्रुटी काढून फाइल परत येते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मोबाइलनं काहीतरी विचारलं, मी न वाचता 'हो' केलं आणि विसरूनही गेले. व्हिडिओवर पट्टी आली, की हे दृश्य यंत्राच्या बुद्धीनं बनवलेलं आहे.

मालकाचा फोन आला. पट्टी काढून आणा, आठ दिवसांनी पात्रं ठरतात, मग माझा इलाज नाही, म्हणाला. बाबा भडकले. "चाळीस वर्षं खोट्या मिशा लावल्या तं कोनी काई म्हटलं नाई. आता बुढा खरा आहे तं खोटा म्हनून राह्यले!"

मी अॅपवाल्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. त्यांनी पुरावा मागितला. आमच्याकडे पुरावा म्हणजे ग्रामसभेचा ठराव, दुसरं काय? समाजमंदिरात सभा भरली. 'सदर इसम खरा असून गावात राहतो,' असं मी लिहायला घेतलं, तर समोरची एक म्हातारी बाई उठली. इसम खरा, कबूल, पण दात कवळीचे आहेत, उद्या चौकशी आली तर गाव खोटं पडेल, म्हणाली. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी 'दात सोडून इसम खरा आहे' असा ठराव एकमतानं मंजूर झाला. सह्या झाल्या, अंगठे झाले. एक प्रत मालकालाही पाठवली.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. मुदतीत! आलेलं पत्र सभेत वाचून दाखवायचं हा आमचा शिरस्ता, म्हणून मी मोठ्या आवाजात वाचलं. व्हिडिओ बनावट असल्याचं टाकणाऱ्यानं स्वतःच लिहून दिलंय, फेरतपासणीला वेळ लागेल. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उठून गेले. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. बकरीशी मात्र बोलत होते.

आठव्या दिवशी मालक स्वतःच मोटारसायकलवर हजर. ठराव वाचून हसू आवरेना, म्हणून तो खरा इसम पाहायला आला होता. बाबा टोप-मिशी लावून समाजमंदिराच्या ओट्यावर उभे राहिले. अर्धं गाव जमलं. भाषण सुरू झालं, रंगलं, आणि ऐन मरणाच्या तोंडावर बाबा थांबले. हात वर तसाच. पुढचं वाक्य येईना. हे भाषण मला तोंडपाठ होतं, पण मी बोलले तर रोल जाणार, नाही बोलले तरी जाणार. बाबांचा हात हळूहळू खाली आला.

मालक म्हणाला, "मशीन असती तं इसरली नसती."

कोणी हसलं नाही. मालक ओट्याजवळ गेला. राजाचं काम जमणार नाही, पण शेवटच्या अंकात न्यायाधीश आहे, म्हणाला. त्याच्या टेबलावर कागद असतातच, वाचून म्हटलं तरी कोणाला कळत नाही.

जन्मभर राजा झालेला माणूस. आता हे नाही म्हणतील, या भीतीनं मी खालीच पाहत राहिले. बाबांनी ओठावरची मिशी उपटली, नाक ओढलं, डोळे पुसले. मग ओट्यावरून खाली उतरून थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"माझा चष्मा कुठी ठेवला वं?"