मामांच्या पायाला कुणी हात लावला?

आधीच सांगते, मी फिजिओथेरपिस्ट आहे. भूतबित, अंगात येणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की सगळ्यात आधी मीच हसते. म्हणून तर हे लिहायला वर्ष गेलं.

नांदेडचं एक खाजगी हॉस्पिटल, दुसऱ्या मजल्यावरची खोली, दुपारचे तीन. अहमदपूरच्या माझ्या मामांच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढून पाच दिवस झाले होते, पण आतडं काही हलेना. पोट नगाऱ्यासारखं, गॅस सुटत नव्हता. सर्जन म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर पुन्हा उघडावं लागेल." मामांचं हृदय आधीच अशक्त, दुसरं ऑपरेशन त्यांना झेपलं नसतं. घोट्याजवळच्या नसेला मशीनने हलका करंट दिला की कधीकधी आतड्याला चालना मिळते. ते करून बघायला सर्जननी मलाच सांगितलं.

मी पायाला चिकटवायचे मशीनचे पॅड बाहेर काढले, तर मामांनी पाय आखडून घेतले.

"भाचीनं मामाच्या पायाला हात लावायचा न्हाई. पाप हाय ते."

"मामा, जिवावर बेतलंय!"

"बेतू दे. तू लावू नको."

आमच्याकडे मामाच भाचीच्या पाया पडतो, त्यामुळे वाद घालून उपयोग नव्हता. सिस्टरना लावायला सांगू म्हटलं. पण मशीन बघते तर सेल संपलेले. जुने सेल काढून नमुन्याला सोबत घेतले, मशीन टेबलावर ठेवलं आणि खाली दुकानात गेले.

दहा मिनिटांत परत आले... तर पॅड लावलेले! डाव्या घोट्याशी, बरोब्बर नसेवर. पायाचा अंगठा ठेक्यात उडत होता. मशीनचा कप्पा रिकामा — नवे सेल माझ्या मुठीत!

"कुणी लावलं हे?"

"तुझ्या मायनं. तिला चालतंय, बहीण हाय ती माझी. आत्ताच गेली की."

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी वायरला हात लावला आणि अंगठा थांबला.

सिस्टर शपथेवर म्हणाल्या, खोलीत कुणीही गेलं नाही. मामा औषधाच्या गुंगीत होते, मान्य. पण वायरी उलट्या होत्या — लाल खाली, काळी वर. शिकत असताना मी आईच्या पायावर सराव करायचे, तेव्हा दरवेळी हीच चूक करायचे. हे आईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

पाच वाजता मामांना गॅस सुटला. सर्जन हसले, सिस्टर हसल्या, मी मात्र बाथरूममध्ये जाऊन रडले.

मामा आता ठणठणीत आहेत, अहमदपूरला आपल्या दुकानात बसतात. सेल नसताना मशीन कसं चाललं, हे मशीन दुरुस्त करणाऱ्यालाही सांगता आलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही. भीती नाही वाटत... राग येतो. त्या तीन वर्षांत आई माझ्याकडे एकदाही आली नव्हती. भावासाठी आली, आणि मी जिन्यात असताना निघूनही गेली.

दहा मिनिटं थांबली असती तर काय बिघडलं असतं?