गरीबघराच्या वहिनी

माझ्या मित्राच्या बायकोइतके मेलेल्या माणसांशी घरोब्याचे संबंध असलेली बाई अख्ख्या नेदरलँड्समध्ये दुसरी नसेल. न्यूनेनमध्ये आमची मराठी घरं मोजकी. एकत्र जमलो की बोलणं घरांच्या किमती, मुलांच्या शाळा आणि सुट्टीची विमानं यापलीकडे जात नाही. वहिनींच्या बोलण्यात मात्र शंभर वर्षांपूर्वी वारलेली हेन्ड्रिका असायची. "आमच्या हेन्ड्रिकाला दम्याचा फार त्रास हो," हे त्या इतक्या कळवळून सांगत, की नव्याने आलेल्या एका बाईंनी पुण्याहून औषध मागवून देण्याची तयारी दाखवली होती.

ही हेन्ड्रिका शेजारच्या खेड्यातल्या गरीबघरात राहायची. ज्यांना सांभाळणारं कोणी नाही अशा म्हाताऱ्यांना, विधवांना, आंधळ्या-पांगळ्यांना गावाने ठेवलेली ती विटांची लांबट इमारत. आता तिथे गावाच्या इतिहास मंडळाचं सभागृह आहे. वहिनी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्या, डच बोलायची सवय व्हावी म्हणून त्या मंडळात जाऊ लागल्या आणि तिथल्या कपाटातली रहिवाशांची जुनी नोंदवही त्यांच्या हाती लागली. ते हस्ताक्षर मंडळातल्या डच लोकांनाही लागत नव्हतं. वहिनी पुण्यात मोडी शिकलेल्या. "मोडी वाचलेल्या माणसाला कुठलंच अक्षर वाकडं दिसत नाही, भाऊजी," असं म्हणत त्यांनी वर्षभरात वही वाचून काढली. त्यानंतर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना गरीबघरातली ताकातली जवाची पेज प्यावी लागली. भाजीत मीठ कमी आहे असं मित्राने म्हटलं, की आंधळ्या टोनने चाळीस वर्षं उकडलेले बटाटे खाल्ले आणि कधी कुरकुर केली नाही, हे त्याला ऐकावं लागे. तो म्हणायचा, सासुरवाडीची माणसं परवडली, ती निदान अधूनमधून परत जातात.

सभागृहाच्या भिंतीवर ओकची एक फळी आहे. तिच्यावर गरीबघराच्या विश्वस्तांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिलेली, पण तिथे राहिलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही. हे वहिनींना खुपायचं. मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं, या लोकांची पणतवंडं अजून गावात आहेत, घरची गरिबी भिंतीवर टांगलेली कोणाला आवडेल? बऱ्याच वादानंतर एक ठरलं. सप्टेंबरात जुन्या वास्तू लोकांसाठी उघड्या ठेवतात, त्या दिवशी वहिनींनी वहीतल्या बारा रहिवाशांच्या नावाने जेवण मांडावं. गावाने ते गोड मानलं तर नावं भिंतीवर लागतील. नाही मानलं, तर विषय कायमचा बंद.

आता नाव कायमचं करायचं तर ते स्टीलच्या भांड्यावर घालावं, हे मराठी बाईला शिकवावं लागत नाही. वहिनींनी सासूबाईंना व्हॉट्सॲपवर बारा नावं पाठवली. सासूबाईंनी पुण्यातल्या भांडेवाल्याकडून ताटांवर ती घालून घेतली आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्या ताटांसकट येऊन दाखल झाल्या. भांडेवाल्याने जन्मभर लग्नातल्या आहेराचीच भांडी कोरलेली. त्याचा हात नावापाशी थांबला नव्हता. 'हेन्ड्रिका यांजकडून सप्रेम भेट.' 'टोन यांजकडून सप्रेम भेट.' बाराच्या बारा तशीच.

वहिनी रडायलाच लागल्या. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं दिलेलं खाल्लं, त्यांची आपण थट्टा केली, म्हणाल्या. मित्राने समजूत घातली, की इथे मराठी कोणाला येतंय?

"मला येतं," वहिनी म्हणाल्या.

तेव्हा इथे आल्यापासून कोणालाच न सांगितलेली गोष्ट मी बोलून गेलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि तो झालो तालुक्याच्या मोफत वसतिगृहात राहून. तिथे सहा वर्षं माझ्या ताटावर एका दात्याचं नाव होतं. ताट घासताना रोज त्यावरून बोटं फिरायची. "वहिनी, ताटावर ज्याचं नाव असतं त्याला जेवणारा कधी गरीब समजत नाही," मी म्हणालो. "राहू द्या तसंच."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. सेक्रेटरींनी एक ताट उचलून डोळ्यांजवळ धरलं आणि टोन एवढ्याशा नावाला इतकी अक्षरं कशी, असं विचारलं. वहिनींचा चेहरा उतरला, पण त्यांनी खरं तेच सांगितलं. हे देणाऱ्याच्या नावापुढे लिहितात, चूक झाली, म्हणाल्या. मग मागून सत्तरीची एक शेतकरीण पुढे आली. कुठलं ताट हेन्ड्रिकाचं ते विचारून तिने ते हातात घेतलं.

"ही माझ्या आजीची आई," ती म्हणाली. "आमच्या घरात तिचं नाव काढत नसत. पण गावातल्या निम्म्या मुलांच्या पायांत हिने विणलेले मोजे होते, हे आजीने मला एकदा हळूच सांगितलं होतं. यात चूक कुठे आहे?"

मग तिने त्याच ताटात बटाटे वाढून घेतले आणि जेवायला बसली. सोमवारी सेक्रेटरींनी स्वतः ड्रिल आणून विश्वस्तांच्या फळीशेजारी, अगदी तिच्याच उंचीवर, बारा ताटं बसवली.

गेल्या वर्षी मित्राला ब्रेडा शहरात नोकरी मिळाली आणि वहिनी तिकडे गेल्या. जाताना ताटं पुसायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. महिन्यातून एका रविवारी मी सायकलने जातो. नेमका तेव्हाच त्यांचा फोन येतो आणि सगळे बरे आहेत ना, असं त्या विचारतात. बरे आहेत, मी सांगतो. माझ्या वसतिगृहातल्या त्या दात्याचा पत्ता मला कधी लागला नाही, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. ते मी आता या बाराजणांत थोडे थोडे वाटून देतो, आणि पुढचं ताट पुसायला घेतो.