मेलबर्नहून टाकलेली दोन मतं

पद्माताईला मी पहिल्यांदा पाहिलं ते मेलबर्नमधल्या ग्लेन वेव्हर्लीच्या शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये, एका अनोळखी ऑस्ट्रेलियन माणसाला झापताना. तिच्या गाडीवरचं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचं स्टिकर बघून तो बिचारा सहज म्हणाला होता, "ॲट लीस्ट युअर प्रेसिडेंट गेट्स थिंग्ज डन, मेट." पद्माताईने भाजीची ट्रॉली बाजूला लावली आणि दरोडेखोरही कामं भराभर उरकतात, असं त्याला अस्सल इंग्रजीत सुनावलं. ही गोष्ट त्या अध्यक्षाच्या पहिल्या कारकिर्दीतली. तो माणूस "नो वरीज" म्हणत गाडीत बसून निघून गेला आणि मी मुद्दाम थांबून तिची ओळख करून घेतली. आमच्याकडे मराठी माणसं भांडतात ती कुठलं घर कुठल्या शाळेच्या झोनमध्ये येतं यावरून, नाहीतर घरांच्या किमतींवरून. कुणी राज्यघटनेवरून भांडताना मी तरी पाहिलं नव्हतं.

ती मूळची ठाण्याची, मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. लग्न होऊन फिलाडेल्फियाजवळच्या एका गावात गेली, तिथे जवळजवळ वीस वर्षं राहिली आणि तिथलं नागरिकत्व घेतलं. भारताचा पासपोर्ट परत करताना ती चांगली रडली होती. पण शपथ घेतली ती मनापासून, पासपोर्ट बरा पडतो म्हणून नव्हे. नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न तिने पोळ्या लाटता लाटता पाठ केले आणि नवऱ्याने, श्रीनिवासरावांनी, ते तिच्याकडून घोकून घेतले. त्यातला एक तिचा लाडका: सरकारच्या एका अंगाला डोईजड होण्यापासून कोण रोखतं? उरलेली दोन अंगं रोखतात, हे उत्तर ती आजही देवाचं नाव घ्यावं तशी सांगते. पुढे श्रीनिवासरावांना इथल्या युनिमध्ये स्टॅटिस्टिक्स शिकवायची नोकरी मिळाली, दोघं मेलबर्नला आली, ती इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. मुलगी मैथिली शिकायला तिकडेच राहिली.

परदेशात राहणाऱ्या अमेरिकन माणसाचं मत त्याच्या तिकडच्या शेवटच्या पत्त्यावर मोजलं जातं. यांचा पत्ता पेनसिल्व्हेनियाचा, आणि ते राज्य थोडक्या मतांनी इकडचं तिकडे होणारं. त्यामुळे आपल्या मताला वजन आहे असं पद्माताईला वाटायचं, आणि ते चूकही नव्हतं. दर निवडणुकीला घरी शिरा व्हायचा. जेवणाच्या टेबलावर नवरा-बायको समोरासमोर बसून मतपत्रिका भरायचे, आपापलं पाकीट चिकटवायचे आणि दुसऱ्या दिवशी ती दोन्ही पाकिटं स्वतः पोस्टात देऊन यायची. आम्ही तिला चिडवायचो, सत्यनारायण घालते म्हणायचो. ती म्हणायची, "हसा. इथे ऑस्ट्रेलियात मत दिलं नाही तर दंड होतो म्हणून तुम्ही जाता. मला कोणी हाकलत नाही, तरी मी देते."

दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरात तोच जुना अध्यक्ष पुन्हा निवडून आला. पद्माताई दोन दिवस धड जेवली नाही. श्रीनिवासरावांनी चहा केला, तिच्या शेजारी बसून पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आपण आपलं काम केलं ना? मग झालं तर." हे मला तिनेच फोनवर सांगितलं, आणि वर नवऱ्याचं कौतुकही केलं.

पुढच्या वर्षी रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बायका आत, पुरुष मागच्या अंगणात बार्बेक्यूपाशी. तिकडे वॉशिंग्टनमध्ये पुन्हा आलेल्या अध्यक्षाचा सह्यांचा सपाटा सुरू झाला होता. रोज एक फर्मान निघत होतं. पद्माताई मुरवलेल्या पनीरची थाळी घेऊन अंगणात निघाली, मी तिच्या मागे चटणी घेऊन. जाळीचं दार सरकवायच्या आतच श्रीनिवासरावांचा आवाज आला. ते माझ्या नवऱ्याला, यतिनला, आणि बाकीच्यांना सांगत होते, "अरे, या विजयात एक मत आपलंही आहे. पेनसिल्व्हेनियाचं. फक्त आत बोलू नका, नाहीतर मला जेवायला मिळायचं नाही." सगळे हसले. यतिनही हसला, त्याचा समाचार मी नंतर घेतला.

पद्माताईने दार सरकवलं, थाळी यतिनच्या हातात दिली, "जळू देऊ नका," एवढंच म्हणाली आणि आत आली. आलेल्या प्रत्येकीला तिने माझ्याबरोबर हळदकुंकू लावलं, वाण दिलं, ख्यालीखुशाली विचारली.

नंतर ती मला म्हणाली की त्या दिवशी घरी जाताना गाडीत त्यांनी सगळं कबूल केलं. टॅक्स कमी होईल असं वाटलं. तो माणूस जरा बडबड्या आहे, पण खमक्या आहे. जे बेकायदा घुसलेत त्यांच्यावर बडगा येईल, आपण तर रीतसर रांगेत उभं राहून आलेलो, आपल्याला काय होणार आहे. आणि तिला खोटं का सांगितलं, तर घरात शांतता राहावी म्हणून.

"मत खटकलं, ते खटकलंच," ती म्हणाली. "पण अस्मिता, नोव्हेंबरमध्ये तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता ना, तो हात आठवला की मला किळस येते. त्याला माहीत होतं की मी कशासाठी रडतेय, आणि ते त्यानेच केलं होतं."

श्रीनिवासराव आमच्यात शहाणे आणि शांत म्हणून प्रसिद्ध. कोणाच्याही घरात भांडण झालं की समजूत घालायला त्यांनाच बोलावतात. असल्या शांतपणाचा मला तेव्हापासून तिटकारा आला आहे, आणि तो मी लपवत नाही.

त्यानंतरचे महिने पद्माताईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. रोज सकाळी उठावं तर एक नवी सही झालेली. कधी अख्खं सरकारी खातं बंद, कधी मित्रदेशांच्या मालावर मनाला येईल तेवढी जकात, त्यात ऑस्ट्रेलियाही आलाच. न्यायाधीशाने नाही म्हटलं की दुसरीकडून वाट काढायची. ज्यांनी रोखायचं ते खासदार मात्र हाताची घडी घालून टाळ्या वाजवायची वाट बघत बसलेले. लंच ब्रेकमध्ये ती मला फोन करायची. "अगं, पैसा कुठे खर्च करायचा हे काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठरवायचं असतं. हा एकटा माणूस उठतो आणि आवडत नाही ते बंद करतो. राजा नको म्हणून तो देश झाला, आणि आता हे खासदार त्याला खुशाल राजासारखं वागू देतायत." आमच्या ग्रुपमधले लोक तिला म्हणायचे, तू इथे मजेत आहेस, बीचवर जा, तुला काय करायचंय त्या अमेरिकेचं. असं म्हणणाऱ्यांचाही मला वीट येतो. जिचं लेकरू तिकडे आहे तिला काय करायचंय, असं विचारायला जीभ कशी रेटते?

मग आच मैथिलीपर्यंत पोहोचली. फिलाडेल्फियाच्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांना दमा इतका का होतो, यावर ती काम करत होती. सरकारी अनुदान होतं. एके दिवशी ईमेल आली की हे संशोधन आता सरकारच्या प्राधान्यात बसत नाही. तिच्यासकट सगळा गट घरी बसला. महिनाभर तिने कोणाला सांगितलंच नाही. जुलैमध्ये, इथल्या ऐन थंडीत, ती आईवडिलांकडे आली ती हडकून आलेली.

श्रीनिवासराव हादरले, हे मी प्रामाणिकपणे सांगते. रोज लेकीला साबुदाण्याची खिचडी, रोज तिच्यासाठी नोकरीच्या जाहिराती शोधणं. आणि तिच्यासमोर बसून मान हलवायची, "वेडा आहे हा माणूस. काय चालवलंय हे." पद्माताई ओट्यापाशी उभी राहून ते ऐकायची.

मैथिलीला काहीच माहीत नव्हतं. त्या घरात आई तापट आणि बाबा शहाणा, असं लहानपणापासून ठरलेलं. आकडे खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात, हे बाबाने शिकवलं म्हणून ती आजारांच्या आकडेवारीकडे वळली होती. पद्माताईने नवऱ्याला बजावलं, "ती परत जायच्या आत तू तिला सांग. नाहीतर मी सांगेन." ते उद्या-परवावर ढकलत राहिले. मला ती म्हणाली, "सांगितलं तर पोरीचा बाप जातो. नाही सांगितलं तर या खोट्यात मीही भागीदार." तिची झोप उडाली होती, लॅबमध्ये चुका व्हायला लागल्या होत्या. मला वाटत होतं, एकदाचं बोलून टाकावं. पण मुलगी तिची होती.

मैथिली परत जायची त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. वालाचं बिरडं, भात, कोथिंबीर वडी. जेवणं झाल्यावर मैथिलीने एक छापलेला कागद आणला. त्यांच्या मतदारसंघातल्या खासदाराला लिहिलेलं पत्र होतं. तिने ते वाचून दाखवलं. संशोधन बंद पडल्यामुळे कोणत्या मुलांचं काय झालं, ते त्यात होतं. एका माणसाला एवढे अधिकार कोणी दिले, आणि तुम्ही ते आवरत का नाही, असं विचारलं होतं. शेवटी लिहिलं होतं की माझे आईवडील ऑस्ट्रेलियातून तुमच्या मतदारसंघात मत देतात, दोघांनीही या माणसाच्या विरोधात मत दिलं होतं, आणि आज जे चाललं आहे ते त्यांना मान्य नाही म्हणून ते खाली सही करत आहेत.

"यू गाइज आर ओके विथ धिस, ना?" तिने विचारलं.

"ऑफकोर्स, बेटा," श्रीनिवासराव म्हणाले. "फार छान लिहिलंयस." खिशातलं पेन काढून त्यांनी सही केली. खाली तारीखसुद्धा घातली. मग कागद पद्माताईकडे सरकवला.

मी आयुष्यात बरीच खोटारडी माणसं पाहिली आहेत. पण खोट्याखाली इतका सहज चाललेला हात पाहिला नव्हता.

"मी नाही करणार," पद्माताई म्हणाली.

मैथिलीला काही कळेना. "व्हॉट? आई, तू? तूच तर रोज..."

"शेवटी लिहिलंयस ते खरं नाही."

"कुठलं?"

पद्माताईने नवऱ्याकडे पाहिलं. "श्रीनिवास, तू सांग."

"पद्मा, आत्ता कशाला हे? पाहुणे आहेत घरात."

"अस्मिताला माहीत आहे. यतिनलाही माहीत आहे. फक्त तुझ्या मुलीला माहीत नाही."

यतिनने मान खाली घातली. मैथिलीने आमच्याकडे पाहिलं, मग बाबाकडे. तिला समजायला फार वेळ लागला नाही, हुशार मुलगी आहे. "बाबा?" एवढंच म्हणाली.

"टॅक्सचा विचार केला होता मी," श्रीनिवासराव म्हणाले. "आणि तो खरंच असं काही करेल असं नव्हतं वाटलं. निवडणुकीत सगळेच बोलतात."

"ही सेड ही वुड. एव्हरी सिंगल डे."

"हे बघ, मत गुप्त असतं. ते कोणाला सांगायला मी बांधील नाही. तो माझा हक्क आहे."

बघा, कायदा कधी आठवला ते. तिकडे तो अध्यक्ष कायदा पायदळी तुडवत होता तेव्हा यांना त्याचा खमकेपणा आवडला, आणि स्वतःची लबाडी उघडी पडली तेव्हा यांना हक्क सुचला. मी बोलणारच होते, पण यतिनने माझा हात दाबला.

"मताचं राहू दे, बाबा," मैथिली म्हणाली. ती एरवी दर वाक्यात इंग्रजीत घुसते, पण आता सावकाश, शोधून शोधून मराठीत बोलत होती. "तुझं मत तुझं. पण आत्ता सही का केलीस?"

श्रीनिवासरावांनी पेन परत खिशात ठेवलं. मग म्हणाले, "तुला बरं वाटावं म्हणून."

आणि ते मनापासून म्हणाले. त्यात आपलं काय चुकलं, हे त्यांना दिसतच नव्हतं.

मैथिलीने कागद ओढून घेतला आणि मधोमध फाडला. मग ती आईकडे वळली. पद्माताई टेबलाची कड धरून बसली होती, आता पोरगी आपल्यावरच चिडेल अशी तयारी करून.

"आई," मैथिली म्हणाली, "हे माहीत असून इतके दिवस तू याच्याबरोबर या घरात एकटी होतीस?"

एवढ्या महिन्यांत हे पद्माताईला कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तिने मानेनेच हो म्हटलं. मैथिली उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. श्रीनिवासराव समोर होते, त्यांच्याकडे दोघींपैकी कोणीच पाहत नव्हतं.